'कंट्री सिस्टम्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मोझांबिकला मिळणाऱ्या परदेशी मदतीवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'यूज ऑफ कंट्री सिस्टम्स' हा प्रयोग सारखा येतो. त्याला 'देशी प्रणालींचा वापर' म्हटलं तर चालेल का?

नको. 'देशी' म्हटलं की गाय आठवते, नाहीतर दारूचं दुकान. आणि 'प्रणाली' हल्ली संगणकवाल्यांनी नेली. मूळ मुद्दा साधा आहे. बाहेरून आलेला पैसा घेणाऱ्या देशाच्या नेहमीच्या सरकारी वाटेनं खर्च व्हावा: त्याच्या अर्थसंकल्पात तरतूद, त्याच्या कोषागारातून रक्कम, त्याच्याच नियमांनी निविदा आणि त्याच्याच लेखापरीक्षकाकडून तपासणी. मदत देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात हे मान्य झालं. प्रकल्पागणिक उभी राहणारी समांतर कार्यालयं २०१० पर्यंत दोन तृतीयांशांनी कमी करायचंही त्यात ठरलं होतं. याला 'सरकारी यंत्रणेमार्फत मदत' हे पुरेसं आहे. नुसती खर्चाची वाट सांगायची असेल तर 'कोषागारामार्फत'.

खरी गोम 'मार्फत'मध्ये आहे. पाकिटावर 'मार्फत अमुक' लिहितो तेव्हा पत्र अमुकचं नसतं, तो फक्त ते पोचवतो. परदेशी पैसा ठरावीक धरणासाठी किंवा लसीकरणासाठी आला आणि कोषागारातून गेला, तर 'मार्फत' चपखल बसतं. पण मोझांबिकबद्दलच्या मजकुरात 'बजेट सपोर्ट'ही येणारच, आणि तिथे हा शब्द फसतो. त्या पद्धतीत देणारे देश परकीय चलन मध्यवर्ती बँकेत भरतात, तितके मेतिकाल (मोझांबिकचं चलन) सरकारच्या एकल कोषागार खात्यात जमा होतात आणि करांच्या पैशात मिसळतात. त्यानंतर अमक्या शिक्षकाचा पगार कुणाच्या पैशातून झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. इथे सरकार पोचवणारं नाही, घेणारं आहे. म्हणून 'सरकारला अर्थसंकल्पीय साहाय्य' म्हणा, 'मार्फत' टाळा.

अर्थसंकल्पात काय आणि बाहेर काय, हा फरक किती महागात पडतो ते मोझांबिकमध्ये २०१६ साली दिसलं. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी मालकीच्या कंपन्यांनी सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जं उचलली होती. त्यांना सरकारनं हमी दिली, पण संसदेची मंजुरी घेतली नाही. बरीचशी कर्जं लपवूनच ठेवली. ती उघड झाल्यावर देणाऱ्या देशांनी अर्थसंकल्पीय साहाय्य थांबवलं. देणाऱ्यांचा पैसा अर्थसंकल्पात आणि सरकारचं कर्ज अर्थसंकल्पाबाहेर, असा हा उलटा प्रकार! अनुवादात दोन्हीकडे 'निधी' लिहून मोकळं झालात तर वाचकाला यातलं काही कळणार नाही.

आपल्याकडचा शासकीय शब्द आहे 'बाह्यसहाय्यित प्रकल्प'. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, त्यातलाच: कर्ज जागतिक बँकेचं, राबवतो कृषी विभाग. तो शब्द मोझांबिकला लावायला माझी हरकत आहे. एक तर त्यात पैसा कुठून आला एवढंच कळतं, कुठल्या वाटेनं गेला ते कळत नाही. शिवाय 'सहाय्य' म्हणताना कर्जही त्यातच गुंडाळलं जातं.

राहिला 'ऑफ-बजेट'. त्याला काहीजण 'बेहिशेबी' लिहितात, ते चूक. देणाऱ्या संस्थेच्या वह्यांत त्याचा पै-पैचा हिशेब असू शकतो. फक्त घेणाऱ्या देशाच्या अर्थसंकल्पात तो नसतो. 'अर्थसंकल्पाबाहेरची मदत' असं सरळ लिहा.