पुरात उभी राहिलेली पद्मिनी आणि ग्रीसिंग

प्रश्न: दादा नमस्कार, मी वडोदऱ्याची, अकोट्यात राहते. बाबांची 1988 ची प्रीमियर पद्मिनी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी दोन दिवस अर्धी चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी होती. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून बाबांनी नुसती धुवून चालवायला काढली. आता स्टीअरिंग जड झालंय, स्पीडब्रेकरवर पुढून कुईं कुईं आवाज येतो आणि डाव्या पुढच्या चाकात घरघर आहे. गॅरेजवाला म्हणतो "बेन, ऑइल मारी दऊं, अवाज बंध थई जशे" आणि मारतो पण, आठ दिवसांनी परत तेच. नेमकं कुठे काय घालायचं? बाबा 76 वर्षांचे आहेत, गाडी विकायला तयार नाहीत आणि खरं सांगू का, मलाही नाही विकायची.

उत्तर: ताई, विकू नकाच. पण ती घरघर आधी बघा, चाक उघडून बघितल्याशिवाय गाडी अजिबात हायवेवर नेऊ नका. अर्धं चाक बुडलं म्हणजे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग ज्यात बेअरिंग असतं, पाण्यात होता, सीलमधून, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या कड्यातून, पाणी आत झिरपलं असणार. ग्रीस म्हणजे साबणासारख्या गोळ्यात धरून ठेवलेलं ऑइलच असतं, त्यात पाणी मिसळलं की ते पांढुरकं पातळ होतं, पकड सोडतं आणि बेअरिंगला गंज चढतो. बेअरिंगवर बारीक खड्डे दिसले तर ते बदलायचंच, वरून कितीही ग्रीस भरलं तरी खड्डे भरून येत नाहीत. चांगलं निघालं तर रॉकेलमध्ये धुवून पूर्ण सुकवायचं, तळहातावर हाय टेंपरेचर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या एका बाजूने दाबत राहायचं ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. सील नवीन टाका. आणि हब ठासून भरू देऊ नका, गरम झाल्यावर ग्रीस पसरतं, सीलमधून निघून ब्रेक लायनरवर येतं आणि मग ब्रेकच लागत नाही. डावं उघडताय तर उजवंही उघडा, पाणी दोन्हीकडे सारखंच होतं ना.

आता स्टीअरिंग. या गाडीला पुढे किंगपिन आहेत, म्हणजे चाक वळताना ज्यावर फिरतं त्या उभ्या खुंट्या, आणि त्यांना ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस आत भरायची बारीक तोंडं, असतात, हल्लीच्या गाड्यांना ते नसतात म्हणून नवी पोरं तिकडे बघतच नाहीत. निपल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर बाहेरची माती ग्रीस गनच्या (ग्रीस भरायच्या पिचकारीच्या) जोराने आतच जाते. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक अधांतरी ठेवून गन मारायची, कारण वजन असताना जो भाग दाबलेला असतो तिथे ग्रीस पोचत नाही. जुनं काळं, पाणी मिसळलेलं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत मारत राहा. जात नसेल तर निपल चोंदलंय, नवीन लावा, स्वस्तात मिळतं. साधं लिथियम ग्रीस चालतं, फक्त दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही जोड्या मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात.

कुईं कुईं मात्र बहुतेक रबर बुशची, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांमधल्या रबरी तुकड्यांची, असेल आणि तिथेच तुमचा गॅरेजवाला ऑइल मारतोय असं मला वाटतं. थांबवा त्याला! पेट्रोलियमचं ऑइल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, फाटतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बुशवर नुसतं पाणी ओता, आवाज थोडा वेळ बंद झाला तर बुशच आहे. सिलिकॉन स्प्रे चालतो, बुश फाटलेला असेल तर नवाच हवा. मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) काळं जळकं ऑइल ओतायची जुनी सवय आहे, तीही नको, धूळ चिकटते आणि तिथलेही बुश जातात.

डब्ल्यूडी-40 या स्प्रेबद्दल बरेच जण विचारतात. 1953 मध्ये ते पाणी हटवायला, गंज रोखायला बनवलं होतं, जाम झालेला नट सोडवायला फार छान, पण ते ग्रीसच्या जागी नाही. त्यातला पातळ भाग उडून जातो, तुमचे आठ दिवस तिथूनच आले असावेत.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते, मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्स. दोघांना वर हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी जाऊ शकतं. खालचा नट काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला, आणि कुठे कुठल्या ग्रेडचं ते गाडीच्या मॅन्युअलमधल्या चार्टवरूनच ठरवा. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या जोडातल्या क्रॉसलाही निपल असेल तर तिथेही गन मारा. पुढे दर दोन हजार किलोमीटरला आणि पावसाळा संपला की एकदा हे ग्रीसिंग करत जा, बाबांना शेजारी खुर्ची देऊन बसवा, कुठला निपल कुठे आहे ते त्यांनाच पाठ असेल.

प्रश्न: त्याच गाडीच्या दाराचं कुलूप किल्लीला जड जातं, तेल सोडू का?

उत्तर: नको, तेलात धूळ बसून आणखी जाम होईल. पेन्सिलीचं शिसं बारीक घासून ती पूड किल्लीला लावा आणि पाच-सहा वेळा फिरवा. दाराच्या बिजागऱ्यांना मात्र इंजिन ऑइलचे दोन थेंब, वरचं पुसून टाका.