र्‍युगेनचे दीपस्तंभ: पहिल्या खेपेला एवढं सांभाळा

र्‍युगेन हे जर्मनीचं बाल्टिक समुद्रातलं बेट. एका दिवसात ते अख्खं उरकायचा बेत आधी मोडा. उत्तर टोकाचं आर्कोना, खडूचे कडे आणि शेजारचं हिडेनझे बेट, प्रत्येकाला एक दिवस द्या.

आर्कोनाला गाडी दीपस्तंभापर्यंत नेता येत नाही. ती पुटगार्टेन गावात ठेवून पुढे साधारण दोन किलोमीटर चालायचं, नाहीतर पर्यटकांची छोटी गाडी पकडायची. तिथे दोन दीपस्तंभ शेजारी शेजारी आहेत: 1827 चा चौकोनी, विटांचा शिंकेल मनोरा आणि 1905 पासून चालू असलेला 35 मीटरचा. दिवा आजही लागतो तो उंच मनोऱ्यात. वेळ उरला तर फिट या कोळीवाड्यापर्यंत जरूर जा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खडूचे कडे दुपारनंतर गाठणं. त्यांचं तोंड पूर्वेला, त्यामुळे पांढरा रंग खुलतो तो सकाळीच. क्योनिग्सश्टूल या 118 मीटरच्या कड्यासाठी हागेन गावात गाडी लावा. पुढे बस किंवा तीन किलोमीटरची पायवाट.
- कड्याच्या अगदी खाली किंवा काठावर फोटो काढणं. पाऊस मुरला, बर्फ वितळलं की खडू सुटतो, दरडी कोसळतात. कुंपण ओलांडू नकाच.
- वाऱ्याचा अंदाज न बघणं. हिडेनझेच्या डोर्नबुश दीपस्तंभाला 102 पायऱ्या आहेत, पण वारा 6 बोफर्टला (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की वर सोडत नाहीत. हिडेनझेवर खाजगी गाड्यांना बंदी. र्‍युगेनवरच्या शाप्रोडे बंदराहून बोटीने हिडेनझेच्या क्लोस्टर गावाला उतरा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिथेच टिपून घ्या.

विंडचीटर उन्हाळ्यातही हवाच. कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बघू.