एकट्याने हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २४, ग्रुपबरोबर बरेच ट्रेक झालेत, आता हरिश्चंद्रगडावर एकट्याने मुक्कामी जायचंय आणि आई ठाम नाही म्हणते. जावं का, असा प्रश्न आहे. माझं उत्तर: जा. पण कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात आणि कोणाला सांगून, हे ठरल्याशिवाय पाऊल टाकू नका. मी बरीच वर्षं एकट्याने डोंगरात जातोय, त्यामुळे "एकटं जाऊच नये" हे माझ्या तोंडून यायचं नाही. मात्र "काही होत नाही रे" असंही मी कधी कोणाला म्हणणार नाही.

एकट्याने जाऊन काय मिळतं ते आधी सांगतो, कारण घरच्यांना तेच समजावता येत नाही. ग्रुपमध्ये आपण माणसांबरोबर चालतो, डोंगर बाजूला राहतो. एकटं असलं की कान उघडतात. कारवीच्या रानात वाळलेलं पान पडलं तरी ऐकू येतं, वानराने खाकरून इशारा दिला की तो कोणत्या बाजूने आला ते कळतं. आणि कोकणकडा! गडाचा हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे. पावसाळा सरताना सकाळी कड्याशी गेलं, पाठीमागून ऊन आलं आणि दरी ढगांनी भरलेली असली, तर ढगावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते एकोणिसाव्या शतकात इथे दिसलं होतं. चार जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला ते कडं स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं. ग्रुपमध्ये तेवढ्या वेळात हाका, मोबाइल, "सरक जरा" यातच ते निघून जातं. मला ते दिसलं तेव्हा जवळ कोणी नव्हतं. कातळावर पालथा पडून ते विरेपर्यंत मी बघत राहिलो. त्या सुखासाठी मी पुन्हा पुन्हा जातो.

पण ज्यासाठी आपण एकटे जातो तेच अंगाशी येतं. किती चालायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं आपल्या मनाने. "अरे, ही वाट नाही वाटत, चल मागे" असं म्हणणारं कोणी नसतं. सह्याद्रीत माणूस बिबट्यापेक्षा या एका वाक्याच्या अभावी जास्त अडचणीत येतो, असं माझं मत आहे.

वाट कशी चुकते ते नीट समजून घ्या. चढताना सगळ्या वाटा माथ्याकडे जवळ येतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी आपण वर पोचतो. उतरताना उलटं होतं. एक सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, चुकली की प्रत्येक पावलागणिक आपण आपल्या गावापासून लांब जातो, आणि दोन सोंडांमध्ये दरी असते. त्यात ढोरवाटा. गुरांनी पाडलेली वाट सुरुवातीला अगदी खरी वाटते, चांगली रुळलेली असते. जरा वर बघा. माणसांच्या वापरातल्या वाटेवर फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोडलेल्या, तोडलेल्या असतात. ढोरवाटेवर कमरेच्या वर फांद्या आडव्या यायला लागतात, छातीला कारवी घासते, आणि थोड्या वेळाने वाट तीन-चार ठिकाणी फुटून गवतात नाहीशी होते. छातीला फांद्या लागायला लागल्या की मी थांबतो आणि शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत परत जातो. कितीही चढ असला तरी.

"पाण्याच्या मागे मागे उतरलं की गाव लागतं" हा सल्ला तर इथे जीवघेणा आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणून इथला उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो: उभा कातळ, मग पदर म्हणजे सपाटसा पट्टा, पुन्हा उभा कातळ. ओढ्यातून उतरणारा माणूस एका टप्प्यावरून कसाबसा घसरत खाली येतो, पुढे धबधब्याचा कडा लागतो, आणि आता वर चढता येत नाही. बरेच जण असेच मधल्या टप्प्यात अडकतात.

ओढ्यावरून अलास्का आठवतं. ख्रिस्तोफर मॅक्कँडलेस नावाचा तुमच्याच वयाचा अमेरिकन तरुण १९९२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या रानात एकटा गेला आणि एका सोडून दिलेल्या बसमध्ये राहिला. जाताना टेकलानिका नदी त्याने सहज ओलांडली होती. जुलैमध्ये परत निघाला तेव्हा हिमनद्यांचं पाणी उतरून ती फुगली होती. तो बसकडे माघारी गेला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने गेला. नदीवर थोड्याच अंतरावर तारेवरून ओढत नेता येणारा पाळणा होता, पण त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता. पुढे ती बस बघायला जाताना आणखी दोघी त्याच नदीत बुडाल्या, आणि २०२० मध्ये सरकारने बसच हेलिकॉप्टरने उचलून नेली. मला त्या मुलाविषयी राग येत नाही. त्याला काय हवं होतं ते मला कळतं. फक्त शेजारी कोणी असतं आणि म्हणालं असतं, "थांब, जरा खाली जाऊन बघू," तर तो कदाचित जगला असता.

आपल्याकडचं सुदैव असं की घाटातले ओढे जसे तासाभरात चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर पलीकडे जायचं नाही, बसून राहायचं. शेवटची एसटी चुकली तर चुकू दे. त्या एसटीपायी लोकांनी जीव गमावलेत.

बाकी धोके थोडक्यात. पाय मुरगळणं दोघांत तासाभराचा उशीर असतो, एकट्याला तीच रात्र उघड्यावर काढावी लागते. म्हणून एक दिवसाच्या ट्रेकलाही टॉर्च, उबदार कपडा आणि जास्तीचं पाणी सोबत हवं. आग्या मोहोळाच्या आसपास धूर, अत्तर, आरडाओरडा नको. फुरसं, घोणस यांच्यासाठी घोट्याच्या वरपर्यंत बूट आणि अंधारात टॉर्च. साप चावलाच तर कापाकापी, आवळपट्टी काही नको, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, दरीत रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. जीपीएस रेंजशिवायही चालतं, नकाशा आधी उतरवून घ्या.

आता तुमच्या बेताविषयी. पहिल्या वेळी पायथ्याच्या पाचनई गावातूनच चढा आणि त्याच वाटेने उतरा. खिरेश्वरची वाट सुंदर आहे, पण तोलार खिंडीनंतर कातळटप्पा आणि मग टेकड्यांमागून टेकड्या, धुक्यात तिथे जाणत्यांचीही दिशा हरवते. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट एकट्याने नाहीच. वरून दगड सुटतात आणि मध्येच परत फिरणं फार अवघड. डिसेंबर किंवा जानेवारीतला शनिवार धरा. गडावर माणसं असतील, तुमचा एकांत थोडा कमी होईल, पण पहिल्या खेपेला तेच बरं.

पाचनईत चहाला थांबलो की तिथले एक मामा दरवेळी विचारतात, "येकटंच का दादा? कोन्या वाटंनं उतरनार ते सांगून जा." त्यांना नुसती वाट सांगू नका, जेवणाची वेळ सांगून जा. "उद्या दुपारी दोनला पिठलं-भाकरी खायला येतो" असं सांगितलेला माणूस दोनला आला नाही की गावात लगेच चौकशी सुरू होते.

आईला पटवायला भांडू नका. एका कागदावर लिहून द्या: कोणत्या वाटेने चढणार, कुठे झोपणार, कोणत्या वाटेने उतरणार, पाचनईत ज्या घरी जेवणार तिथला फोन, आपत्कालीन मदतीचा ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनचा नंबर. खाली एक वेळ लिहा, त्या वेळेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर तिने हे नंबर याच क्रमाने लावायचे. ती वेळ ठरवताना दोन तास जास्तीचे धरा, म्हणजे शेवटच्या उतारावर तुम्हाला पळावं लागणार नाही.