यकृताच्या कर्करोगात इम्युनोथेरपी लागू पडेल की नाही, हे चाचणी करून आधी कळते का?

आपल्या वडिलांचे एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात अनेकदा वाढणारे प्रथिन) १,८०० आले आहे, डॉक्टरांनी अटेझोलिझुमॅब (रोगप्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध मोकळे करणारे, म्हणजे इम्युनोथेरपीचे औषध) आणि बेव्हॅसिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारे औषध) ही इंजेक्शने सुचवली आहेत आणि त्याआधी एक महागडी जनुकीय चाचणी करावी का, असे आपण विचारले आहे. मी पॅथॉलॉजी विभागात काम करते, रुग्णांवर उपचार करत नाही. त्यामुळे हे उत्तर चाचण्यांपुरतेच समजावे.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. आजार किती जोरकस आहे हा एक, आणि अमुक औषधाने तो आटोक्यात येईल का हा दुसरा. एएफपी प्रामुख्याने पहिल्याचे उत्तर देते. गर्भाच्या यकृतात तयार होणारे हे प्रथिन १९६३ मध्ये मॉस्कोत संशोधक अबेलेव्ह यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात आढळले आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी ते रुग्णांमध्ये दाखवले. ते प्रति मिलिलिटर ४०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर आजार सहसा वेगाने वाढतो. पण म्हणून इम्युनोथेरपी चालणार नाही, असे ठरत नाही. एएफपीच्या आकड्यावरून रुग्ण निवडून दिले जाणारे औषध म्हणजे रामुसिरुमॅब, आणि तेही सोराफेनिब (यकृताच्या कर्करोगावरील जुन्या गोळ्या) घेऊन झालेल्यांसाठी. २०१९ च्या रीच-२ या रुग्णांवरील औषध-चाचणीत त्याने सरासरी आयुर्मान ७.३ वरून ८.५ महिन्यांवर गेले, म्हणजे फरक जेमतेम सव्वा महिन्याचा.

फुप्फुसाच्या कर्करोगात उपयोगी पडणारी पीडी-एल१ (रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारे प्रथिन) चाचणी यकृताच्या बाबतीत भरवशाची ठरलेली नाही. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकातील बदल असलेल्या गाठींमध्ये रोगप्रतिकारक पेशी कमी शिरतात, म्हणून इम्युनोथेरपी चालणार नाही हे त्या बदलावरून आधीच कळेल, अशी बरीच अपेक्षा होती. मात्र रुग्णांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. केवळ असा अहवाल हाती आला म्हणून उपचार नाकारणे मला तरी योग्य वाटत नाही, आणि उपचार बदलणार नसेल तर त्या चाचणीवर पैसे घालवू नयेत.

साध्या रक्तचाचण्यांवर आधारलेला क्राफिटी गुणांक मात्र पाहण्यासारखा आहे. एएफपी १०० किंवा अधिक असल्यास एक गुण, सीआरपी (शरीरात दाह असताना वाढणारे प्रथिन) १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास एक गुण. (बहुतेक अहवालांत सीआरपी प्रति लिटर छापतात, तेथे हीच मर्यादा १० होते, या एककाने अनेक जण फसतात.) दोन्ही गुण पडलेल्यांचे आयुर्मान कमी आढळले. परंतु सोराफेनिब घेणाऱ्यांतही हा गुणांक आयुर्मानाचा अंदाज देतो, म्हणजे पुन्हा तो बराचसा आजाराविषयीच बोलतो. शिवाय सीआरपी साध्या संसर्गानेही वाढते.

त्यापेक्षा बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन या यकृताच्या कामाची कल्पना देणाऱ्या रक्तचाचण्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण यकृत किती शाबूत आहे यावर उपचार किती काळ झेपतील हे ठरते. बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का, हे एंडोस्कोपीने आधीच पाहिले जाते. ही तपासणी राहून गेली असेल तर डॉक्टरांना अवश्य विचारावे.

खरा उपयोगी आकडा उपचार सुरू झाल्यावर मिळतो. सुमारे सहा आठवड्यांत एएफपी ७५ टक्के किंवा त्याहून अधिक घटले तर तो चांगला संकेत मानतात, मात्र निर्णय सीटी किंवा एमआरआय पाहूनच होतो. त्यासाठी पहिल्या इंजेक्शनच्या आधीचे एएफपी नोंदवून ठेवावे आणि पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण यंत्र बदलले की आकडाही थोडा बदलतो.