जुन्या मारुती ८०० ला रंग मारण्याआधी
मित्रा, आधी रबिंग-पॉलिश करून बघ. बॉनेट फिकं पडलं म्हणजे रंग गेलाच असं नाही. खरा पैसा खातो तो गंज. दाराची खालची कड बोटानं दाबून पाहा, पत्रा कुरकुरला तर तो कापून नवा जोडायला सांग. माझ्या पेंटरनं तिथे नुसती लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात फुगे आले! तेव्हापासून मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवतो, जाड लांबीवर ते चिकटत नाही. रंग मात्र मूळचाच ठेव. दारांच्या आतल्या कडा रंगवायचा खर्च वाचतो, आणि आरसीत रंग बदलायला आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. हो, काम पावसाळ्यात काढू नकोस. दमट हवेत चकाकी मरते.