बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. मी मागे पडेन का?

नाही पडणार, पण सगळं मोबाईलवरच करत बसलात तर कुठेतरी अडाल हे नक्की. मी पण तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केलं, तिन्ही वर्षं साध्या अँड्रॉइडवर काढली. लेक्चरचे व्हिडिओ, पीडीएफ, परीक्षेचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म हे सगळं मोबाईलवर होतं, अडतं ते लिहिताना. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी अंगठ्याने टाईप केला, चाळीस पानं, आणि झेरॉक्सवाल्याकडे फाईल उघडली तर टेबलं सगळी फुटलेली, मराठीच्या जागी नुसते चौकोन, मग त्याच्याच कॉम्प्युटरवर रात्री आठपर्यंत बसून नीट केलं आणि शेवटची एसटी चुकली.

म्हणून पहिलं काम, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब धरा. आमची लॅब चारला बंद व्हायची, आणि प्रॅक्टिकल सोडून कुलूपच असायचं. आम्ही पाच-सहा जणांनी सह्या करून अर्ज दिला तेव्हा कुठे दुपारचा एक तास मिळाला. तुम्ही पहिल्याच वर्षी द्या.

दुसरं, लायब्ररीत जाऊन विचारा की आपल्याकडे एन-लिस्ट आहे का. कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं पुरवणारी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या सरकारी संस्थेची योजना आहे, कॉलेज वर्षाची फी भरतं आणि विद्यार्थ्यांना लॉगिन मिळतं, हजारो जर्नल्स (संशोधनाची मासिकं) आणि लाखाच्या वर पुस्तकं घरी बसून मोबाईलवर वाचता येतात. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्या कॉलेजच्या मित्राकडून, आमच्याकडे पैसे भरलेले होते पण लॉगिन कुणाला दिलेच नव्हते. याचा मला अजून राग येतो.

कोडिंग शिकायचं असेल तर गुगल कोलॅब, म्हणजे काही इन्स्टॉल न करता पायथॉनचा कोड चालवायची वेबसाइट, मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालते, ओटीजी (मोबाईलला यूएसबी जोडायची छोटी केबल) लावून साधा कीबोर्ड जोडा, खूप फरक पडतो. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघाच, लिनक्स, लिब्रेऑफिस, सी लँग्वेज असं बरंच काही मराठीतून आहे आणि फुकट आहे. फक्त ते व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघायचे असतात, तेव्हा घरी डाउनलोड करा आणि लॅबच्या त्या एका तासात मोबाईल बाजूला ठेवून मशीनवर करा.

आणि घरच्यांना हप्त्यावर नवा लॅपटॉप घ्यायला लावू नका प्लीज. सेकंड इयरला गरज वाटलीच तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) असलेला जुना ऑफिसचा लॅपटॉप बघा, बॅटरी मात्र चेक करून घ्या, आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही.