मुदत ठेव मोडण्याआधी पुतळा नीट बघा

मामांच्या पश्चात तुमच्याकडे अडीच फुटी, उभ्या स्त्रीचा प्लास्टरचा पुतळा आला. घोट्याशी तडा आहे, त्यातून तपकिरी डाग उमटलाय. डागडुजी करून नवा रंग द्यायला कारागिराने सांगितलेली रक्कम म्हणजे तुमचा चार महिन्यांचा घरखर्च. त्यासाठी मुदत ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता मोडू नका.

दुरुस्तीवर घातलेला पैसा विक्रीत तसाच्या तसा परत येत नाही. जुना थर खरवडून नवा रंग चढवला तर किंमत उतरूही शकते. म्हणून आधी वस्तू काय आहे ते कळू द्या. मातीच्या मूळ शिल्पावरचा साचा फोडून काढलेलं प्लास्टर एकच निघतं. सुटे तुकडे जोडून केलेल्या साच्यातून मात्र अनेक प्रती निघतात, आणि अंगावर सांध्यांच्या बारीक उंच रेषांचं जाळं राहिलेलं असेल तर बहुधा तसाच साचा वापरलेला असतो. पेन्सिलीच्या फुल्या किंवा रुतवलेले छोटे खिळे दिसले तर ते अजिबात बुजवू देऊ नका. मापं दगडावर उतरवताना अशा खुणा करत. इटलीतल्या पोसान्यो गावी शिल्पकार कानोव्हाची प्लास्टर्स जपली आहेत, त्यांवर असे खिळे आजही दिसतात.

मूल्यांकन ठरावीक शुल्क घेणाऱ्याकडून करून घ्या. टक्केवारीवर काम करणारा नको, आणि जो पुतळा विकत घेऊ पाहतोय किंवा दुरुस्त करणार आहे तोही नको. आकडे दोन मागा: विम्यासाठीचा आणि आज विकल्यास हाती येईल तो. पहिला सहसा मोठा असतो आणि माणूस त्यातच गुंततो. निवृत्तीच्या नियोजनात मी मात्र हा पुतळा शून्य धरेन. तो व्याज देत नाही, आणि अडचणीच्या वेळी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

जपणुकीला फारसा पैसा लागत नाही, काळजी लागते. प्लास्टर म्हणजे जिप्सम. नखानेही ओरखडा उठतो, आणि लिटरभर पाण्यात ते साधारण 2 ग्रॅम विरघळतं. ओल्या फडक्याने पुसलंत तर पृष्ठभाग झिजेल, वर मळ छिद्रांत आत ओढला जाईल. मऊ, कोरडा ब्रश पुरे. तो तपकिरी डाग बहुधा आतल्या लोखंडी सळईच्या गंजाचा आहे. गंज फुगतो आणि प्लास्टर फोडतो, त्यामुळे पुतळा आजच ओलसर भिंतीपासून दूर, कोरड्या जागी हलवा. हलवताना दोघांनी तळातून धरा, हाताला किंवा खांद्याला धरून उचलू नका. तडा मात्र संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. खर्च करायचाच तर तो इथे करा, आणि तेवढा महिन्याच्या बचतीतून निघायला हवा.

भाऊ सुचवतोय तशा कांस्यप्रती ओतून विकायचा विचार सध्या सोडा. पुतळा तुमचा झाला म्हणून प्रती काढायचा हक्क तुमचा होतोच असं नाही. तो शिल्पकाराचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो.

मामांची पत्रं, पावत्या, जुने फोटो शोधा. पुतळ्याचे चारही बाजूंनी, तळाचे आणि सही असल्यास तिचे फोटो काढून मूल्यांकनकाराला द्या. त्याचा लेखी अहवाल आला की मला पाठवा, ठेवीचं तेव्हा बघू.